जुन्या गाडीत नवा स्टिरिओ: वायर रंगाने नव्हे, मीटरने ओळखा

गाडी साताऱ्याची एमएच-११ असो, सांगलीची एमएच-१० असो की कराडची एमएच-५०, पंधरा-वीस वर्षांच्या गाडीतला जुना टेप बाहेर ओढला की मागे कंपनीचे मूळ वायरिंग क्वचितच दिसते. पहिल्या मालकाने कॅसेटवाला बसवलेला असतो, दुसऱ्याने सीडीवाला, तिसऱ्याने मागच्या ट्रेवर दोन लंबगोल स्पीकर वाढवलेले असतात. प्रत्येक वेळी वायरमनच्या हाताला लागली त्या रंगाची वायर जोडली गेली. म्हणून या कामात जोडाजोडीला थोडा वेळ लागतो आणि ओळखापाळखीला फार. पहिल्यांदाच करणाऱ्याने अख्खी सकाळ मोकळी ठेवावी आणि गाडी सावलीत लावावी.

इथे साधा स्टिरिओ धरला आहे: ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि चार स्पीकर. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर हे निराळे काम आहे.

दुकानात जाण्याआधी

डॅशबोर्डची खाच मोजा. स्टिरिओचे आकार ठरलेले असतात, त्यांना डिन म्हणतात. सिंगल डिनची खाच १८२ मिमी रुंद आणि ५३ मिमी उंच असते, डबल डिनचा दर्शनी भाग साधारण १८० बाय १०० मिमी. मारुती ८००, झेन, ओम्नी, जुनी बोलेरो यांत बहुतेक सिंगलच बसतो. डबल बसवायचा म्हणून डॅशबोर्ड करवतीने कापणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. मागची लोखंडी पट्टी कापली की डॅशबोर्ड खडखडायला लागतो आणि ती खडखड नंतर जात नाही. खोलीही मोजा. सीडी नसलेले नवे स्टिरिओ आखूड असतात, पण मागे वायरींसाठी आणखी चार-पाच सेंटीमीटर जागा हवीच.

खोक्यावरच्या '५० वॉट गुणिले ४' या आकड्याला भुलू नका. स्टिरिओच्या पाठीवरचा फ्यूज बघा. तो १० अँपिअरचा असेल, तर इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टला आत जास्तीत जास्त १४४ वॉट जाऊ शकतात. त्यातले जवळपास निम्मे उष्णतेत जातात. उरलेले चौघांत वाटले की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला सलग १५ ते २० वॉट येतात. गाडीच्या आत ऐकायला तेवढे पुष्कळ झाले. स्पीकर ४ ओहमचेच घ्या. वडापच्या जीपमध्ये एका चॅनेलवर दोन-दोन स्पीकर समांतर टाकायची पद्धत आहे. त्याने भार २ ओहमवर येतो, स्टिरिओतली आयसी (आवाज वाढवणारी चिप) तापते आणि उन्हाळ्यात गाणे मध्येच बंद पडते.

ट्रकमध्ये बसवणार असाल तर आधी बॅटरी बघा. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि १२ व्होल्टचा स्टिरिओ तिथे थेट जोडला तर क्षणात जातो. ट्रॅक्टर १२ व्होल्टचाच असतो, त्यामुळे उसाच्या हंगामात गाणी वाजवत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांना ही अडचण येत नाही.

गाडी सांगलीतून सेकंडहँड घेतली असेल तर आणखी एक तपासणी. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर विकल्या गेल्या. कपलरच्या (टेपमागे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांवर हिरवा-पांढरा थर दिसला, किंवा वायर सोलल्यावर आतले तांबे काळे निघाले, तर ती वायर पाच-सात सेंटीमीटर मागे कापत जा. चकचकीत तांबे लागेपर्यंत थांबू नका. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि पिळून केलेला जोड महिन्याभरात सैल होतो.

सामान

डिजिटल मल्टिमीटर नसेल तर काम सुरूच करू नका. साधा चालतो, फक्त त्याला १० अँपिअरचे खाचेचे ठिकाण असावे. त्याशिवाय इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेला. १० नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायची पक्कड, २५ ते ४० वॉटची सोल्डरिंग गन आणि सोल्डर. हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) ३ आणि ५ मिमीची, प्रत्येकी मीटरभर. अर्थिंगसाठी एक गोल थिंबल, आठ-दहा केबल टाय.

काळी चिकटपट्टी घेऊ नका. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. डिंक वितळतो, पट्टी घसरते, उघडे जोड एकमेकांना लागतात.

वायर लागली तर बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेसाठी २.५ चौरस मिमी, स्पीकरसाठी ०.७५ किंवा १ चौरस मिमीची लाल-काळी जोडवायर. छोट्या गाडीत मागच्या ट्रेपर्यंत एका बाजूला चार-पाच मीटर लागते.

गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो का ते आधी विचारा. एका टोकाला गाडीचा सॉकेट, दुसऱ्या टोकाला मोकळ्या वायरी असे त्याचे रूप असते. मिळाला तर गाडीकडची एकही वायर कापावी लागत नाही. मूळ कपलर कापून टाकायची घाई पुष्कळ दुकानांत असते. तो शाबूत ठेवला तर उद्या गाडी विकताना जुना टेप परत बसवता येतो.

जुना टेप काढणे

बॅटरीची मायनस वायर आधी सोडा. आधी प्लसला पाना लावला आणि तो बॉडीला टेकला तर ठिणगी आणि शॉर्ट. मायनस निघालेली असेल तर तो टेकला तरी काही होत नाही. काही गाड्यांच्या कंपनीच्या टेपला कोड असतो. जुना टेप पुन्हा कधी वापरायचा असेल तर बॅटरी सोडण्याआधी तो कोड शोधून ठेवा.

टेप दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्यांनी निघतो, नाहीतर फ्रेमखालच्या स्क्रूने. ओढून न निघाल्यास जोर लावू नका, मागे बहुधा एक बोल्ट आहे. बाहेर आल्यावर कपलर आणि अँटेनाची पिन सोडा, आणि सोडण्याआधी फोनवर दोन-चार फोटो काढा.

एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना किंवा पिवळ्या कपलरला मीटर, बल्ब, काहीच लावू नका.

वीज कुठून येते ते शोधणे

सगळी उघडी टोके एकमेकांपासून आणि पत्र्यापासून लांब ठेवून बॅटरी पुन्हा जोडा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी सुई रंग नसलेल्या पत्र्यावर.

चावी काढलेली असताना ज्या वायरीवर १२.४-१२.६ व्होल्ट दिसतात ती कायमची. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर जिच्यावर नव्याने व्होल्ट येतात ती एसीसी. इथे थोडे थांबा. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. स्टार्टर फिरत असताना एसीसीवरचे व्होल्ट जातात. नाही गेले तर ती इग्निशनची लाइन आहे. तिच्यावर स्टिरिओ चालतो, पण गाणी ऐकायला चावी दुसऱ्या टप्प्यावर ठेवावी लागते, आणि जुन्या पॉइंटवाल्या पेट्रोल गाडीत इंजिन बंद असताना तसे ठेवले तर इग्निशन कॉइल तापून जाते. पार्किंग लाइट लावल्यावर जागी होणारी तिसरी वायर डॅशबोर्डच्या दिव्यांची. तिला एसीसी समजून जोडणारे कमी नाहीत. मग स्टिरिओ फक्त रात्री वाजतो.

मीटर मात्र एका बाबतीत फसवतो. आतून एकच धागा शिल्लक राहिलेली वायरही त्याच्यावर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही. म्हणून कायमच्या वायरीवर तो २१ वॉटचा बल्ब लावा, त्याचे दुसरे टोक बॉडीला. बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. पेटलेला असताना त्या वायरीवरचे व्होल्ट बॅटरीच्या व्होल्टपेक्षा अर्ध्याहून जास्त व्होल्टने घसरले तर ती वायर निकामी. कॅसेटच्या काळातल्या बारीक वायरी इथे हमखास नापास होतात.

तसे झाल्यास कायमची वायर थेट बॅटरीपासून आणा: २.५ चौरस मिमी, बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटीमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज होल्डर, आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) जाताना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी. ग्रोमेटशिवाय पत्र्याच्या भोकातून काढलेली वायर कंपनाने सोलली जाते. फ्यूज बॅटरीजवळ ठेवायचा कारण धोका मधल्या लांबीत आहे. स्टिरिओच्या पाठीवरचा फ्यूज स्टिरिओ वाचवतो, ही वायर जळायची थांबवत नाही.

अर्थिंगसाठी जुन्या काळ्या वायरीच्या भरवशावर राहू नका. डॅशबोर्डमागचा बॉडीला वेल्ड केलेला बोल्ट निवडा, रंग खरवडा, थिंबल घट्ट आवळा. अर्थ कच्चा असला तरी स्टिरिओ चालू होतो, कारण तो अँटेनाच्या वायरीच्या जाळीतून परतीची वाट शोधतो. पण मग ती जाळी तापते आणि आवाजात शिटी घुसते.

स्पीकर, म्हणजे आयसी जाण्याची मुख्य जागा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, सुरुवातीच्या मारुती अशा गाड्यांत जुन्या वायरमननी स्पीकरचा मायनस थेट बॉडीला दिलेला असतो. त्या काळच्या टेपना ते चालायचे. आजच्या स्टिरिओत प्रत्येक चॅनेलची दोन्ही टोके अ‍ॅम्प्लिफायरची असतात, आणि शांत असतानाही त्या दोन्हींवर बॉडीच्या तुलनेत साधारण सहा व्होल्ट असतात. त्यातले एक टोक पत्र्याला लावणे म्हणजे आउटपुट शॉर्ट करणे. चांगली आयसी स्वतःला बंद करून घेते, स्वस्त स्टिरिओतली धूर काढते. दोन स्पीकरांचे मायनस एकत्र बांधणेही तितकेच वाईट.

तपासायला कपलर सुटा ठेवून मीटर ओहमवर आणा. जोडीतल्या दोन वायरींत ३.२ ते ३.८ ओहम दिसले की स्पीकर शाबूत. ४ ओहमचा स्पीकर डीसीवर थोडा कमीच दाखवतो, ते बरोबर आहे. काहीच न दाखवल्यास कॉइल गेली किंवा वायर तुटली, आणि दारातल्या रबरी नळीत ती तुटते हे आधी बघा. आता प्रत्येक स्पीकरवायर आणि बॉडी यांच्यात मोजा. कुठेही आकडा यायला नको. एका वायरीवर शून्य आणि तिच्या जोडीदारावर साडेतीन ओहम आले, तर मायनस बॉडीला आहे. जुन्या वायरीत तोड शोधत बसण्यापेक्षा त्या स्पीकरला नवी जोडवायर ओढा, वेळ कमी जातो.

कोणती जोडी कुठल्या स्पीकरची, हे कळायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ज्या दारातून 'टक' येईल तो स्पीकर. जाळी काढलेली असेल तर पडदाही बघा: तो बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या वायरीवर आहे ती प्लस, आत गेला तर उलट. सेल धरून ठेवू नका. ९ व्होल्टची बॅटरी छोट्या स्पीकरला लावू नका. ओळखलेल्या वायरीवर कागदी चिकटपट्टीने 'पुढे डावा प्लस' असे लिहून टाका.

जोडणी

नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात, तरी पुस्तिकेशी ताडून घ्या. पिवळी कायमच्या वीजेची, लाल एसीसीची, काळी अर्थ. केशरी डॅशबोर्डच्या दिव्यांची. निळी अँटेनाच्या बूस्टरला, निळ्यावर पांढरी रेघ असलेली अ‍ॅम्प्लिफायरला. स्पीकरांत पांढरी पुढे डावा, राखाडी पुढे उजवा, हिरवी मागे डावा, जांभळी मागे उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असलेली त्या स्पीकरची मायनस. निळ्या वायरींतून व्होल्ट बाहेर येतात, त्यांना वीज द्यायची नसते. वापरात नसलेल्या प्रत्येक वायरीचे टोक वेगळे बंद करा. सगळी उरलेली टोके एकत्र पिळून टेप गुंडाळलेला गठ्ठा जुन्या गाड्यांत दिसतो, तो दिसला की आधी सोडवा.

आयएसओ कपलर (ठरावीक पिनांचा प्रमाणित प्लग) असलेल्या गाडीत वीजेच्या भागात चौथी पिन कायमची, सातवी चावीची आणि आठवी अर्थ असते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही जुन्या गाड्यांत चौथी आणि सातवी उलट असतात. म्हणूनच स्टिरिओसोबतच्या पुष्कळ हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यांवर) लाल-पिवळी अदलाबदल करायला गोळीसारखे जोड दिलेले असतात.

बॅटरीची मायनस पुन्हा काढा. नळीचा तुकडा वायरीत आधी सरकवा, हे विसरले की जोड परत सोडावा लागतो. ८-१० मिमी सोला, धागे पिळा, सोल्डर वरून थेंब टाकून नव्हे तर वायर तापवून आत ओढू द्या, मग नळी जोडावर आणून गरम करा. शेजारच्या वायरींचे जोड दोन-तीन सेंटीमीटर पुढे-मागे ठेवा. सोल्डर जमत नसेल तर चांगल्या क्रिम्प स्लीव्ह वापरा. कंपन सोसायला त्या कमी पडत नाहीत.

खाचेत ढकलण्याआधी

स्टिरिओ मांडीवर किंवा गिअरजवळ कापडावर ठेवा. पहिल्यांदा फक्त पिवळी, लाल, काळी आणि अँटेना. स्पीकरचा कपलर सुटाच. बॅटरी जोडा, चावी पहिल्या टप्प्यावर. स्टिरिओचा पडदा (स्क्रीन) लागला, स्टेशन जतन केले, चावी काढून पुन्हा लावली आणि स्टेशन जागेवर असले, तर वीजेची बाजू बरोबर. चावी काढून स्पीकरचा कपलर जोडा, आवाज कमी ठेवून बॅलन्स (डावे-उजवे) आणि फेडरने (पुढे-मागे) एकेक कोपरा ऐका. शेवटी बॅलन्स मध्यावर आणा: एका बाजूला ढोलकीचा ठेका भरीव आणि मध्यावर पोकळ वाटला तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलट आहेत.

इंजिन चालू करून हेडलाइट लावा. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसवर, लाल स्टिरिओच्या धातूच्या अंगावर, गाणे मोठ्याने. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थचा बोल्ट बदला.

बसवताना स्टिरिओभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या जिभा वाकवा आणि मागच्या बोल्टला पट्टीचा आधार द्या. कास-ठोसेघरच्या रस्त्यावर फक्त पुढच्या जिभांवर लटकलेला स्टिरिओ लवकरच हलायला लागतो. वायरींचा गठ्ठा स्टिरिओच्या मागे कोंबू नका, खाली मोकळ्या जागेत सोडून टायने बांधा. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ किंवा पेडलवर काहीही लोंबता कामा नये.

नंतर उद्भवणाऱ्या तक्रारी

घड्याळ आणि स्टेशन रोज पुसली जातात: पिवळी एसीसीवर आहे, किंवा लाल-पिवळी उलट.

सकाळी बॅटरी उतरलेली: लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या वायरीवर आहेत. मीटर १० अँपिअरवर घेऊन बॅटरीची मायनस आणि तिची वायर यांच्यामध्ये जोडा, दारे बंद, चावी बाहेर, दहा मिनिटे थांबा. मीटर असा मध्ये असताना स्टार्टर मारू नका, आतला फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३०० दाखवत असेल तर ३५ एएचची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण बसते, आणि स्टार्टर त्याच्या बऱ्याच आधी हात टेकतो. अँड्रॉइडवाल्या पडद्यांत लवकर सुरू होण्यासाठी झोपायची सोय असते, ती जुन्या गाडीत बंद ठेवा.

मोठ्या ठेक्याला स्टिरिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो: पिवळी बारीक किंवा अर्थ कच्चा. स्टार्टर मारताना बंद होणे हा दोष नव्हे.

इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिटी: आधी अर्थ. ऑक्सची वायर काढल्यावर जात असेल, तर लायटरमधून चार्ज होणारा फोन आणि स्टिरिओ यांच्यातला अर्थचा फेरा कारण आहे. ब्लूटूथ वापरा की प्रश्न मिटतो.

पडदा चालू, आवाज नाही: कुठलीतरी स्पीकरवायर बॉडीला लागली आहे. कपलर काढून ओहमची तपासणी पुन्हा करा. दार उघडझाप केल्यावर आवाज येत-जात असेल तर रबरी नळीतली वायर.

एफएमवर खरखर: साताऱ्याला आकाशवाणीचे स्वतःचे एफएम केंद्र आहे, तेव्हा शहरातच ते नीट लागत नसेल तर दोष अँटेनाचा. पिन पूर्ण आत बसली आहे का बघा. मग मीटरने मधली तार आणि बाहेरची जाळी तपासा, त्यांच्यात जोड दिसायला नको. छतावर बुटका अँटेना असलेल्या गाडीत बूस्टर असतो, त्याला निळ्या वायरीचे १२ व्होल्ट लागतात. मडगार्डवरच्या लांब अँटेनाचे दुखणे वेगळे: बुडाचे रबर तडकले की पावसाळ्यात पाणी वायरीवरून ओघळत थेट स्टिरिओच्या पाठीत उतरते. महाबळेश्वरच्या पट्ट्यातल्या गाड्यांत हे फार. रबर बदला, आणि वायर स्टिरिओत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल.